झिजलेलं नाणं आणि बिघडवलेलं नाणं

टांकसाळी

नाण्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर रोज एक तरी फोटो येतो. तळहातावर राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या चेहऱ्याचा, रुपया, नुकत्याच घासलेल्या ताटासारखा लखलखीत, आणि खाली प्रश्न : "किती येतील?" कोणी उत्तर दिलं नाही की मालक रुसतात. एवढं चकाचक नाणं आणि कोणाला पडलेली नाही! आता चकाचक आहे म्हणूनच सगळे गप्प आहेत हे त्यांना सांगायचं कसं? रोज रोज तेच टंकण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो.

नाणं हातोहाती फिरून झिजतं ती झीज. घासणं, आम्लात बुडवणं, कडी डाखणं (डाख देऊन जोडणं), भोक पाडणं आणि नंतर ते बुजवणं ही इजा. झिजलेल्या नाण्याची किंमत कमी होते, पण त्याच्या खरेपणाला धक्का लागत नाही. इजा झालेलं नाणं मात्र कितीही उठावदार दिसो, जाणकार ते हातात घेऊन परत ठेवतो. आणि माझ्या पाहण्यात बहुतेक इजा बाजारात होतच नाही. ती घरात होते, दिवाळीच्या आधी, अगदी प्रेमाने.

आधी झीज कशी वाचायची ते बघू. नाण्यावर जे सगळ्यात उंच, ते आधी जातं. १८६२चा राणीछाप रुपया घ्या. पहिल्यांदा राणीच्या कानाजवळचे केस आणि भुवई सपाट होते, मुकुटावरचे मोती एकमेकांत मिसळतात. मग पोशाखावरची नक्षी विरघळायला लागते. शेवटी चेहऱ्याची नुसती बाह्यरेषा उरते आणि अक्षरं कडेला टेकतात. झीज या क्रमानेच जाते. एखाद्या रुपयावर केस शाबूत आहेत आणि मोकळी जागा मात्र गुळगुळीत झाली आहे असं दिसलं, तर ते काम खिशाने केलेलं नाही, कोणाच्या तरी हाताने केलंय.

सातव्या एडवर्डच्या डोक्यावर मुकुटच नाही, त्यामुळे तिथे कानावरचे केस आणि दाढी बघायची. पाचव्या जॉर्जच्या वेळी मुकुट आणि झग्यावरची साखळी.

मग वजन. पॉइंट शून्य एक ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा घ्या, त्याच्याइतकं उपयोगाचं दुसरं काही नाही. १८३५ पासूनचा रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी. १८७०च्या नाणे कायद्यात रुपयाचं वजन दोन टक्क्यांहून जास्त घटलं की तो कायदेशीर चलन राहत नसे. म्हणजे साधारण ११.४३ ग्रॅम ही लक्ष्मणरेषा. त्याखाली गेलेला रुपया सरकारी खजिन्यात पोचला तर कापून टाकायची तरतूद होती. आपल्या हातात येणारे पुष्कळ रुपये या रेषेच्या आसपास घुटमळतात. ११.५० भरणारा, केस पुसट झालेला, करडा-काळपट रुपया ही तक्रार करण्यासारखी गोष्ट नाही. तो आपलं काम करून आला आहे.

तिसरी गोष्ट उजेड. ट्यूबलाइट बंद करा, टेबलावरचा एकच दिवा ठेवा, आणि नाणं कडेला धरून सावकाश तिरकं करत फिरवा. न झिजलेल्या नाण्यावर उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा फिरतो. चांदीचा तुकडा छापाखाली दाबला जाताना पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उठतात, त्या रेषांची ही चमक. झीज झालेल्या उंच भागांवर ती आधी विझते, अक्षरांच्या आडोशाला शेवटपर्यंत टिकते. घासलेल्या नाण्यावर ती कुठेच नसते. तिथे नुसता पांढरा झगझगाट असतो आणि भिंग लावलं की एका दिशेने गेलेले केसाएवढे ओरखडे दिसतात. हे ओरखडे अक्षराच्या पायथ्याशी येऊन अडतात, कारण फडकं तिथे आत पोचत नाही. म्हणून अक्षरांभोवती काळी किनार आणि बाकी मैदान पांढरंफटक. हा नमुना एकदा डोळ्यात बसला की मग फोटोवरूनही कळतं.

घासायच्या साहित्याबद्दल खाली कोणीतरी विचारेलच, तेव्हा बोलू.

सातारकर_६५

छान धागा. माझ्याकडे शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी, बऱ्याच आहेत, आजोबांपासूनच्या. त्यांतल्या निम्म्यांवर 'राजा' नीट आहे पण 'श्री' नाही, काहींवर 'छत्र' आहे तर 'पती' गायब. म्हणजे या अर्ध्या झिजल्या असं समजायचं का? एक विक्रेता मला "ही साठ टक्के नाणी" म्हणून भाव पाडून मागतो.

टांकसाळी

@सातारकर_६५, विक्रेत्याला भाव पाडायला काहीतरी कारण हवंच असतं.

शिवराई हाताने पाडलेली. छाप मोठा आणि खालचा तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे पूर्ण मजकूर एका नाण्यावर बसायचाच नाही. एका बाजूला तीन ओळींत 'श्री / राजा / शिव', दुसरीकडे 'छत्र / पती'. हातोडा जिकडे पडला तिकडचा भाग उमटला. 'श्री' नाही याचा अर्थ तो तुमच्या नाण्यावर कधी आलाच नव्हता, असाही असू शकतो.

फरक ओळखायचा तर कडेकडे बघा. अक्षर अर्धवट येऊन नाण्याच्या कडेशी एकदम तुटलं असेल, आणि जो अर्धा भाग आहे तो ठसठशीत असेल, तर छाप बाहेर गेला. अक्षर जागेवर आहे पण त्याचे कंगोरे गोल झालेत, भोवतीचे ठिपके एकमेकांत मिसळलेत, तर झीज. तिसराही प्रकार आहे, तो फसवतो. छाप जागेवर पण हातोडा हलका पडला. तिथे अक्षर उथळ असतं पण पृष्ठभाग खरखरीत, कातडीसारखा. झिजलेली जागा नेहमी गुळगुळीत लागते. बोटाने नाही, भिंगाने बघायचं हं.

पेशवाईत नाणी पाडायचे मक्ते खासगी माणसांना दिले जात, त्यामुळे 'शिव'चा 'सीव' आणि 'पती'चा 'पति' झालेला सापडतो. ती झीजही नाही आणि नकलीपणाचा पुरावाही नाही. नवशिके तेवढ्यावर नाणं बाद करतात.

सातारकर_६५

धन्यवाद. दोन ओळींमध्ये दुहेरी रेघ असलेल्या तीन निघाल्या. दुदांडीच ना?

टांकसाळी

हो, दुदांडी. उशिराची, पेशवाईतली. फोटो टाका, पण धुऊ नका.

एडिसनची_मावशी

आमच्याकडे सासूबाईंच्या देवघरातले आठ-दहा चांदीचे रुपये आहेत. दर लक्ष्मीपूजनाला दुधाने, पंचामृताने धुवायचे, हळदकुंकू वाहायचं, पाडव्याला परत डब्यात. त्यांच्या आधीही हेच चालत असणार. इथे न्यू जर्सीत मुलाने एका दुकानात दाखवले, तर दुकानदार म्हणाला "क्लीन्ड", म्हणजे घासलेले. ग्रेडिंगला, म्हणजे दर्जा ठरवून आकडा देणाऱ्यांकडे, पाठवले तर आकडा मिळणार नाही म्हणे, नुसतं "डिटेल्स" लिहून येईल. मुलगा आता मला सांगतोय की पूजा बंद कर. हे जरा अतीच नाही का होत?

खोडसाळ

मावशी, मुलाला म्हणावं लक्ष्मी डब्यात बसवून तिला सर्टिफिकेट मागतोस होय रे?

कार्षापण

खोडसाळ, :)) पण मुद्दा गंभीर आहे. ग्रेडिंगच्या आकड्याची १ ते ७० ही श्रेणी विल्यम शेल्डन या अमेरिकन संग्राहकाने १९४९ मध्ये तिकडच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी काढली. तिथून ती जगभर पसरली. त्यात झिजेला जागा आहे, अगदी ओळखू येण्यापुरतं उरलेलं नाणंही १ वर बसतं. घासणं, कडीची खूण, भोक यांना आकड्यात जागा नाही, म्हणून ते 'डिटेल्स'. म्हणजे पार झिजून सपाट झालेल्या रुपयाला आकडा मिळतो आणि तुमच्या सासूबाईंच्या ठसठशीत रुपयाला मिळत नाही. हा न्याय विचित्र वाटेल, पण त्यामागे तर्क आहे : झीज खोटी करता येत नाही, चमक करता येते.

टांकसाळी

@एडिसनची_मावशी, माझं मत विचाराल तर पूजा चालू ठेवा. ते रुपये पूजेचेच आहेत, संग्रहाचे नाहीत. विकायचे असतील तर चांदीच्या भावाने विकले जातील आणि विकायचे नसतील तर प्रश्नच मिटला. गडबड होते ती दोन्ही हवं असतं तेव्हा.

फक्त एवढं करा. धुतल्यावर लगेच साध्या पाण्यातून काढून मऊ सुती कापडावर टिपून घ्या, पुसू नका. पंचामृतातलं दही आंबट, ते आणि कुंकवाचा ओला लेप रात्रभर राहिला की चांदीतलं तांबं हिरवं धरतं. आणि पूजेत नवीन काही रुपये घालायचे असतील तर एखादा चांगला, चमक टिकलेला रुपया चुकूनही नका घालू. जे आधीच घासले गेलेत तेच राहू देत.

रसायनी

आता साहित्याबद्दल. मी धंद्याने रसायनवाला, नाणी हौसेची.

चिंच, लिंबू, आमसूल, कोकमाचं पाणी : ही सगळी आम्लं. तांब्यावरचा तपकिरी थर म्हणजे मुख्यतः तांब्याचं ऑक्साइड, तो शंभर-दीडशे वर्षांत सावकाश तयार होतो आणि खालच्या धातूचं संरक्षण करतो. आम्ल तो पाच मिनिटांत काढून टाकतं. खाली जे गुलाबी, कच्चं तांबं दिसतं त्याला लोक "मूळ रंग" म्हणतात. टांकसाळीतून निघालेल्या तांब्याचा रंगही तसा नसतो. आणि हे गुलाबी तांबं दोन पावसाळ्यांत डागाळतं, ते एकसारखं नव्हे, ठिपक्याठिपक्याने.

राख, रांगोळी, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर : ही घासणारी द्रव्यं. आम्लाने थर जातो, याने धातूच जातो.

यूट्यूबवरची जादू : ॲल्युमिनियमची फॉइल, खायचा सोडा, गरम पाणी. चांदीवरचा काळा थर म्हणजे चांदीचं सल्फाइड, त्यातलं गंधक फॉइलकडे जातं आणि चांदी परत नाण्यावर राहते. तत्त्व बरोबर आहे, म्हणून लोकांना वाटतं की नुकसान शून्य. पण परत आलेली चांदी पहिल्यासारखी गुळगुळीत बसत नाही, खडबडीत आणि निस्तेज बसते. टांकसाळी म्हणतात तो फिरणारा उजेड गेलाच समजा. चांदीच्या चमच्यांना चालेल.

सोनाराकडचं 'डिप' : त्यात आम्ल आणि थायोयुरिया. बुडवताक्षणी काळेपणा जातो. प्रत्येक बुडवणीला वरच्या सूक्ष्म रेषांचा एक पदर जातो. बऱ्याचदा बुडवलेल्या रुपयाचा रंग मेलेला असतो, पांढरा पण आतून काही न येणारा.

मुक्ता_दापोली

आमच्याकडे समुद्र जवळ. बाबांच्या तांब्याच्या नाण्यांवर फिकट हिरवी पूड येते. मऊ ब्रशने झाडली की जाते, पण पंधरवड्यात परत. हे घासलं नाहीये कोणी, तरी का?

रसायनी

@मुक्ता_दापोली, हे लगेच वेगळं काढा. बाकीच्यांपासून लांब, वेगळ्या डबीत.

हिरवा थर दोन प्रकारचा. एक गडद, टणक, नखाने न निघणारा, तो निवांत बसलेला असतो. त्याला हात लावायचा नाही. दुसरा तुम्ही म्हणता तो, फिकट, पिठूळ, परत परत येणारा. हा क्लोराइडचा रोग. खाऱ्या हवेतून किंवा खाऱ्या मातीतून क्लोराइड तांब्यात शिरतं, दमट हवा मिळाली की आम्ल तयार होतं, ते आणखी तांबं खातं, त्यातून परत क्लोराइड मोकळं. असं चक्र. पूड झाडल्याने काही होत नाही कारण कारखाना खाली चालूच आहे. नाण्यावर खड्डे पडत जातात.

घरच्या घरी करण्यासारखं एवढंच : काचेच्या वाटीत डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवा, पाणी रोज बदला, काही आठवडे. नळाचं किंवा विहिरीचं पाणी नको, त्यात क्लोराइड असतंच. नंतर पूर्ण वाळवून, सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या हवाबंद डब्यात. पुड्या मऊ पडल्या म्हणून नव्हे, रंग बदलला की बदलायच्या. संग्रहालयांत यापुढे बेंझोट्रायझोल वापरतात, पण ते विषारी आहे, स्वयंपाकघरात त्याचे प्रयोग नकोत. मौल्यवान नाणं असेल तर धातूच्या वस्तूंचं जतन करणाऱ्या तज्ज्ञाकडे द्या.

आणि त्यांना ठेवलंय कशात?

मुक्ता_दापोली

अल्बममध्ये. ते मऊ पारदर्शक कप्पे असतात ना, वास येणारे.

रसायनी

वाटलंच. तो वास म्हणजे मऊ पीव्हीसी. त्याला मऊ करायला घातलेलं द्रव्य झिरपतं आणि पीव्हीसी स्वतः हळूहळू हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतं. नाण्यावर चिकट, पोपटी रंगाचा पातळ थर येतो. खाऱ्या हवेत राहून वर हे. सगळी काढा. मायलर नावाचं पॉलिएस्टर असतं त्याचे कप्पे किंवा पुठ्ठ्याच्या चौकटी घ्या. रबरबँड, लोकरीचं कापड, वर्तमानपत्र यांत गुंडाळू नका. रबर आणि लोकर दोन्हींतून गंधक सुटतं, चांदी काळी पडते.

चिकट थराला शुद्ध ॲसिटोन. नेलपॉलिश रिमूव्हर नाही, त्यात तेल-सुगंध असतात. काचेच्या वाटीत, खिडकी उघडी, जवळपास गॅस-निरांजन काही नको. पाच-दहा मिनिटं बुडवायचं, दुसऱ्या वाटीतल्या ताज्या ॲसिटोनमधून काढायचं, आपोआप वाळू द्यायचं. चोळायचं नाही. ॲसिटोन धातूला काही करत नाही, म्हणून एवढंच एक मी बिनधास्त सुचवतो.

नवा_गडी

माझा प्रश्न बाळबोध आहे. १९४३चा एक पैसा मिळालाय, मधोमध गोल भोक. गळ्यात घालायला पाडलं असेल ना? किंमत शून्य?

खोडसाळ

एवढं गोल भोक पाडणारा सोनार सापडला तर पत्ता द्या.

टांकसाळी

@नवा_गडी, तो भोकाचाच पैसा आहे. युद्धात धातूची टंचाई होती म्हणून १९४३ ते १९४७ असे मधे भोक असलेले कांस्याचे पैसे पाडले. भोकाभोवती नक्षी नीट बसवलेली दिसेल. उलट, त्याचं भोक कोणी बुजवून विकायला आणलं तर मला नक्की दाखवा.

गुजरी_कोल्हापूर

आमची तिसरी पिढी सराफीत. धागा बरा चाललाय, पण एका गोष्टीवर बोलायचं राहिलंय. जुन्या रुपयांवर, विशेषतः मोगली आणि मराठ्यांच्या अंकुशी, चांदवडी रुपयांवर, बारीक बारीक ठोके असतात. चंद्रकोर, टिंब, चौकोन. ते आमच्या लोकांनी मारलेले. चांदी आतपर्यंत खरी आहे का, वरून मुलामा तर नाही, हे बघायला. आता पोरं येतात आणि म्हणतात "डॅमेज आहे, कमी करा." ते डॅमेज नाही, पारख आहे.

नाणेबाजार

दादा, मान्य. पण मी विकायला बसतो. दोन सारखे रुपये ठेवले, एकावर तीन ठोके आणि एक स्वच्छ, तर गिऱ्हाईक कुठला उचलतं? स्वच्छच. इतिहास सांगून त्याच्या खिशातून पैसे निघत नाहीत.

कार्षापण

नाणेबाजार, आपल्या भागातलंच उदाहरण देतो. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी एकत्र सापडली. सगळी पश्चिम भारतातला शक राजा क्षत्रप नहपान याची. त्यांतल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारून घेतला होता. नहपानाचा चेहरा खाली चिरडलेला, वर सातवाहनांची उज्जैनी खूण. तुमच्या हिशेबाने ही सगळी बिघडलेली नाणी. इतिहासाच्या हिशेबाने एका राजाने दुसऱ्याला हरवल्याचा पुरावा, तोही नऊ हजार प्रतींत. आणि कुठल्याही लिलावात चांगला ठसा उमटलेलं असं नाणं कोणी "डॅमेज" म्हणून सोडत नाही.

दुसरं, ठोक्यांबद्दल. आहत नाण्यांच्या, म्हणजे आपल्याकडच्या सगळ्यात जुन्या चांदीच्या तुकड्यांच्या, पाठीवरही असेच बारीक ठसे असतात. दामोदर धर्मानंद कोसंबी फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत असताना त्यांच्या मागे लागले. हजारो नाणी तोलली. त्यांचा विचार साधा होता. टांकसाळीतून निघताना सगळी नाणी सारख्या वजनाची नसतात, थोडी इकडेतिकडे असतात. चलनात फिरली की दोन गोष्टी होतात : सरासरी वजन उतरतं, आणि नाण्या-नाण्यांतला फरक वाढतो, कारण एक रोज हातात असतं आणि एक कोणाच्या तरी मडक्यात पडून राहतं. तक्षशिलेच्या भीर टेकडीत सापडलेल्या नाण्यांवर त्यांना असं दिसलं की पाठीवरचे ठसे जितके जास्त, तितकं सरासरी वजन कमी. म्हणजे ते ठसे ठरावीक काळाने तपासणी करून मारलेले असणार. ज्यावर कुठलं साल नाही, राजाचं नाव नाही, अशा नाण्यांचा काळाचा क्रम त्यांनी नुसत्या झिजेवरून लावून दाखवला.

तर गुजरीच्या काकांचे ठोके कमी करून मागणाऱ्याला हे सांगा.

नाणेबाजार

सांगतो. पैसे तरीही कमीच देईल तो. :) पण जोगळटेंभीचा मुद्दा पटला.

टांकसाळी

दोघांचंही बरोबर आहे. मी स्वतः मराठ्यांच्या रुपयावर सराफी ठोके असतील तर ते दोष धरत नाही, फक्त टांकसाळीची खूण किंवा साल त्याखाली गेलं असेल तर धरतो. कंपनीच्या नि राणीच्या यंत्रावर पाडलेल्या रुपयावर मात्र ठोका खटकतो. तिथे पारख करायची गरजच उरली नव्हती, कडेला दाते होते, वजन पक्कं होतं.

गुजरी_कोल्हापूर

खेड्यात यंत्राच्या रुपयालाही ठोकून बघायचे हो. विश्वास कोणावर ठेवायचे नाहीत लोक. असो. दुसरं सांगतो. राणीछाप रुपयांच्या माळा येतात आमच्याकडे मोडायला. बंजारा, धनगर बायकांच्या गळ्यातल्या. पोरांना वाटतं कडी काढली, डाख घासला, की रुपया मोकळा आणि संग्राहक हजर. तसं होत नाही. कडी बाराच्या ठिकाणी, मुकुटाच्या वर बसवलेली असते. ती काढली की तिथले कडेचे दाते गेलेले असतात, घासून सपाट केलेलं असतं, आणि डाखाचा रंग चांदीपेक्षा जरा पिवळट नाहीतर करडा उमटतो. कितीही पॉलिश करा, कड बोटात धरून फिरवली की लागतंच. कधीकधी वजन ११.७० च्या वर जातं, डाख आत राहिल्यामुळे. टांकसाळीने जास्त चांदी दिली असं थोडंच आहे.

माळ तोडू नका. माळ म्हणून तिची किंमत आहे, एकेकट्या रुपयाची नाही.

एडिसनची_मावशी

हे अगदी पटलं. माझ्या आईच्या पुतळ्यांच्या माळेचंही असंच करा म्हणत होते भाऊ.

नवा_गडी

आणखी एक विचारू का? मला एकाने १९१९चा रुपया "डुकराचा रुपया, अतिदुर्मिळ" म्हणून दाखवला. राजाच्या छातीवर खरंच डुक्कर दिसतंय.

कार्षापण

डुकराचा रुपया १९११चा. पाचव्या जॉर्जच्या झग्यावरच्या साखळीत हत्ती होता, त्याची सोंड इतकी आखूड कोरली गेली की लोकांना डुक्कर वाटलं. मोठा गदारोळ झाला, बरीच नाणी वितळवली गेली आणि १९१२ पासून हत्ती नीट कोरला. तुमच्या १९१९च्या हत्तीची सोंड झिजली आहे, बाकी काही नाही. झीज झाली की बिचाऱ्या कुठल्याही हत्तीचं तेच होतं.

नवा_गडी

अरे देवा. तो पाच आकड्यात मागत होता.

नाणेबाजार

ग्रुपवर टाका त्याचा फोटो.

टांकसाळी

फोटो टाका, नाव टाकू नका, धागा भलतीकडे जाईल. १९१९च्या रुपयावर बघायचं ते मागच्या बाजूला, तळाच्या कमळाखाली बारीक टिंब आहे का. असेल तर मुंबईचा, नसेल तर कलकत्त्याचा. पण मागची बाजू घासलेली असेल तर टिंब कधी होतं की नव्हतं हे सांगता येत नाही, आणि मग विकणारा जी टांकसाळ महाग ती सांगतो. राणीच्या १८६२च्या रुपयाचं तर याहून अवघड. टांकसाळीने तेच साल पुढे बरीच वर्षं चालू ठेवलं, नेमकं वर्ष मागच्या बाजूच्या ठिपक्यांवरून ओळखतात. ते ठिपके उडाले की नाणं १८६२ ते १८७४ मधलं कुठलंही.

म्हणून घासण्यावर माझा एवढा राग. चेहरा थोडा सपाट झाला तर चालतं, पण ठिपका गेला की ओळखच जाते.

विदर्भातला_रिकामटेकडा

अवांतर : नांगरताना सापडली तर काय करायचं? आमच्या शेजारच्या गावात मडकं निघालं होतं म्हणे.

कार्षापण

१८७८चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. आणि कळवेपर्यंत धुऊ नका, वेगळी करू नका, मडकंसुद्धा टाकू नका. गाडलेली जुनी चांदी ठिसूळ झालेली असते, चिकटलेली नाणी ओढून सुटी करायला गेलात तर मधोमध तडकतात. शंभर वर्षांवरची नाणी परदेशी पाठवायलाही १९७२च्या पुरावस्तू कायद्याचा अडसर आहे, मावशींच्या मुलासारख्या मंडळींनी लक्षात ठेवावं.

नाशिकजवळ अंजनेरीला भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्था आहे, तिथलं संग्रहालय जरूर बघा. झिजलेली, ठोकलेली, तुटकी नाणी कशी मांडायची ते तिथे कळतं.

सातारकर_६५

काटा आणला आजच. राणीचा १८८५चा रुपया, रंग काळपट, कडेचे दाते सगळीकडे सारखे, केस पुसट पण पोशाखाची नक्षी दिसते. वजन ११.४७. उजेडात धरल्यावर अक्षरांच्या मधे मधे थोडी चमक फिरते, बाकी कुठे नाही. घासलाय का?

टांकसाळी

नाही. लक्ष्मणरेषेच्या वर आहे, दाते शाबूत म्हणजे कडी नव्हती, आणि अक्षरांच्या आडोशाला चमक टिकली म्हणजे फडकं फिरलेलं नाही. चांगला, सरळ फिरलेला रुपया आहे. मायलरमध्ये ठेवा. तळाशी नक्षीत 'बी' आहे का तेवढं भिंगाने बघून सांगा, आणि उठावाचं आहे की खोल कोरलेलं तेही.

सातारकर_६५

आहे. खोल आहे.

टांकसाळी

मुंबई. वहीत तसं लिहून ठेवा, वजनासकट.